खुराड्याचं सारवण

केवळाबाईच्या सारवणाला गावात तोड नव्हती. लग्न कुणाच्याही घरचं असो, बोहल्याखालची जागा सारवायला तिलाच बोलावणं यायचं. ती देवणी गाईचं ताजं शेण घ्यायची, त्यात मूठभर पांढरी माती कालवायची आणि मग भुईवर पंजाच्या अशा एकसारख्या कमानी उठायच्या की पाय ठेवणाऱ्यानं चप्पल नकळत बाहेर काढावी. "विहीणबाईच्या अंगणात सांडलेलं दूध बोटानं चाटून घ्यावं," असं तिच्या सुनेची, तनुजाची आई चारचौघींत म्हणायची. विहिणीच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे काय, हे ज्याला पोरं-सुना आहेत त्यालाच कळेल.

तर अशा बाईनं खुराडं सारवलं नसतं तरच नवल.

खुराडं नावालाच. खरं तर ती गोठ्याला लागून असलेली पत्र्याची खोली, पूर्वी केवळाबाईचा नवरा दगडोबा तिच्यात वासरं बांधायचा. तनुजानं आषाढात ती मागून घेतली, खिडकीला जाळी ठोकली, खाली सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीचा भुसा, अंथरली आणि गावरान कोंबडीची चाळीस पिल्लं आणून सोडली. तिचा नवरा सुदर्शन चाकणला कंपनीत. त्यानं तिकडं खोली घेतली होती आणि आठवड्याला फोन करून एकच धोशा लावला होता, तू आणि सृष्टी इकडं या. तनुजाला जायचं नव्हतं. "त्या खोलीत बसून मी काय भिंती राखू? दसऱ्यापर्यंत थांबा. कोंबड्या उभ्या राहिल्या तर मी हितंच. न्हाई राहिल्या तर बोचकं बांधते," असं तिनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं. केवळाबाई तेव्हा भाकऱ्या थापत होती. हातातली भाकरी तिनं तशीच दोन वेळा उलटली. सून आणि चार वर्षांची नात गेली की या घरात राहणार कोण? ती, म्हातारा आणि गाई-बैल.

पहिली चाळीस पिल्लं आषाढाच्या झडीत मेली. आठ दिवस आभाळ हललं नाही. रोज सकाळी पाच-सहा पिल्लं पंख पाडून बसलेली, मागं रगताची हगवण. तनुजा ती टोपलीत घालून बांधाकडं न्यायची, खड्डा करायची आणि येऊन चूल पेटवायची. शेवटचं पिल्लू गेलं त्या दिवशी हातपंपावर कोंडाबाईनं विचारलं, आणि केवळाबाईच्या तोंडून निघून गेलं, "काय सांगू कोंडे, पोरीच्या हाताला गुनच न्हाई बग."

कोंडाबाईच्या पोटात गोष्ट ठेवणं म्हणजे चाळणीत पाणी ठेवणं. ते वाक्य गावभर फिरलं, फिरून घरात आलं आणि फोनवरून चाकणलाही जाऊन पोचलं.

तरी तनुजानं हट्ट सोडला नाही. श्रावण लागता लागता तिनं दुसरी चाळीस आणली.

सातव्या दिवशी महामाया आली. ती गावाची पशुसखी, गळ्यात पिशवी आणि हातात बर्फाचा थर्मास. पिल्लांच्या डोळ्यांत लशीचा थेंब घालायचा होता. ती दारातच थांबली आणि नाक वर केलं.

"तनुजा, डोळे चुरचुरायलेत माझे. तुझे न्हाईत का?"

"थोडे चुरचुरतेत. पावसानं आसंल."

"आपलं नाक एवढं वर, तरी चुरचुरतंय. त्यायचं नाक तर भुईलाच हाय." महामाया उकिडवी बसली. गुळीत मनगटापर्यंत हात खुपसून तिनं तळातली मूठभर गुळी काढली आणि दाबली. मूठ उघडली तर तळव्यावर लाडूसारखा गोळा. "मूठ सोडल्यावर सुटं झालं पायजे. हे बग, बसलंय तसंच." तिनं गोळा फोडला. खालची बाजू हिरवट होती. तिनं वर पत्र्याकडं पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला. "पत्रा गळत न्हाई, भित कोरडी. मंग खालून ओल कुठून?" तिनं बोटं नाकाशी नेली. "शेन हाय. ताजं. हितं सारवतंय कोन?"

"कोन सारवंल?" तनुजा म्हणाली. "मी तर नुसती गुळी..." आणि थांबली.

केवळाबाई चौकटीला टेकून उभी होती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

रोज पहाटे तनुजा उठायच्या आधी ती खुराड्यात जायची. एका बाजूची गुळी सरकवायची, तेवढी भुई सारवायची आणि गुळी पुन्हा वर पसरायची. दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू. कोंबडीचं असलं तरी घरच आहे, आणि लेकरांच्या अंगाखाली घाण असू नये, एवढाच तिचा विचार. पहिल्या खेपेला तर झड होती म्हणून तिनं एक दिवसही खाडा केला नव्हता.

"गाईचं मूत आत येत आसंल," ती म्हणाली.

महामायानं गोठ्याच्या उताराकडं पाहिलं. उतार उलट्या अंगाला होता. पण ती शहाणी बाई, दुसऱ्याच्या घरात किती बोलायचं हे तिला कळत होतं. "कुठूनबी येऊ, बंद करा. ओल आन ऊब एका जागी आली की रगताची हगवन ठरलेली. पयल्यांचं तसंच झालं. औषध पान्यातून द्या. पर दोन-तीन दिसांत खाली कोरडं अंथरून न्हाई झालं तर औषध गटारात वतल्यावानी."

ती गेली. तनुजा खाली बघत गुळी बोटानं उकरत राहिली. केवळाबाईच्या डोक्यात मात्र महामायाचे शब्द राहिले. पयल्यांचं तसंच झालं. पोरगी टोपली घेऊन बांधाकडं जायची, आणि आपण मागून म्हणायचो, हाताला गुण नाही. गुण कुणाच्या हाताला नव्हता? तिला स्वतःची इतकी लाज वाटली की पुढं होऊन सुनेच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, आणि त्याच लाजेनं हात उचलला नाही.

ती आत गेली आणि खुरपं घेऊन आली.

"सरक. पिल्लं घरात घे, डालग्याखाली झाक. भुई मी काढते."

"आत्या, मी करते की."

"सरक म्हनले ना."

तिनं पदर खोचला. आधी सगळी गुळी ओढून बाहेर टाकली, मग कोपऱ्यापासून खुरपं लावलं. सारवणाचे थर भाकरीच्या पापुद्र्यासारखे निघत होते. वरचा हिरवा, त्याखालचा काळपट, त्याच्याखालचा आषाढातला, बुरशीनं पांढरा पडलेला. प्रत्येक थरावर तिच्याच पंजाच्या कमानी होत्या. तास झाला, दोन झाले. कंबर धरली, गुडघे बोलायला लागले, नखांत माती जाऊन बोटं हुळहुळली. दगडोबा बैलाच्या शिंगाला तेल चोळत लांबून बघत होता.

"जल्मभर लावलीस, आता काढायलीस," तो म्हणाला. "म्हातारपनी उलटं कामून फिरायलीस गं?"

"तुमचं तोंड बंद ठेवा आन चार घमेली मुरूम आना. कोरडा. गंजीच्या बुडचा."

दगडोबा तोंडाळ होता, पण कामाला कधी नाही म्हणायचा नाही. मुरूम आला, वर चुना पडला, आणि भुई वाळावी म्हणून तिनं निखाऱ्याच्या दोन शेगड्या आत ठेवल्या. पिल्लं स्वयंपाकघरात डालग्याखाली चिवचिवत होती. "त्यायला चुलीजवळ, मला वळचनीला. बरं चाललंय घर," म्हणत दगडोबानं आपलं घोंगडं ओसरीत टाकलं.

भुई वाळली. आता अंथरायचं काय?

"घरची गुळी पडलीय ढीगभर," दगडोबा म्हणाला.

तनुजानं ढिगात काठी खुपसली. काठी बाहेर आली ती गरम, आणि तिच्यासोबत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. झडीत ताडपत्री उडाली होती आणि ढीग आतून सडत होता. "ह्याच्यानं तर छातीत बुरशी जाईल मामा," ती म्हणाली. मग ती सुताराकडून लाकडाचा भुसा घेऊन आली. तो पिठासारखा बारीक. सोडून बघितलेली चार पिल्लं दाणे समजून तोच टिपायला लागली आणि शिंकायला लागली. केवळाबाईनं एकेक उचलून त्यांच्या चोची पदरानं पुसल्या. उसाचं पाचट आणलं तर ते चटईसारखं चपटं बसलं, त्याच्याखाली हवा जाईना. वाळू थंडगार.

"महामायाबाई म्हनत होत्या, शेंगाची टरफलं चांगली," तनुजा म्हणाली. "हलकी, कोरडी, पानी पेतेत. पर ती तेलाच्या घान्यावरच मिळतेत. देवनीला वीरण्णाचा घाना हाय."

दगडोबा हसला. "वीरण्णाला मागनार? श्रावनात? लिंगायत मानूस त्यो. त्याच्या दारात कोंबडीचं नाव काढलं तर पायरी धुऊन काढंल."

"चुलीला म्हनून सांगू," तनुजा म्हणाली.

 दुसऱ्या दिवशी सकाळी केवळाबाईनं चार रिकामी पोती काखेत मारली आणि देवणीच्या टमटममध्ये बसली. तो नेमका सोमवार निघाला.

वीरण्णा कपाळभर भस्म लावून गादीवर बसला होता. गळ्यात लिंग, अंगावर पांढरा सदरा. घाण्याचा घरघराट चालू होता आणि साऱ्या वाड्यात शेंगदाण्याच्या तेलाचा वास भरला होता. मागच्या अंगणात टरफलांचे ढीग भिंतीला टेकले होते.

"या अक्का. तेल पायजे?"

"तेल न्हाई अप्पा. टरफलं पायजेत. चार पोती."

"न्या की. चुलीला का?"

एक हो म्हटलं की काम होत होतं. केवळाबाईनं तोंड उघडलं. पण चार-पाच दिवस ती गाईच्या मुताचं खोटं गिळून बसली होती आणि ते अजून खाली उतरत नव्हतं. दुसऱ्याला जागा नव्हती.

"कोंबडीच्या पिल्लाखाली अंथरायला."

गादीशेजारी बसलेलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. वीरण्णाचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला.

"अक्का, आज सोमवार हाय."

"मंग उद्या येऊ का?"

गिऱ्हाईक फिसकन हसलं. वीरण्णा हसला नाही. "उद्या मंगळवार झाला म्हनून जीव बदलतंय का? कापायच्या जीवासाठी माझ्या घान्यातनं काही जानार न्हाई."

"कापायला न्हाई अप्पा, अंड्यासाठी हायत."

"अंडं काय झाडाला लागतंय?"

केवळाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चार एकरांची मालकीण ती, बाजारात उभ्यानं असं कुणी बोललं नव्हतं. पोती काखेत घट्ट धरून ती पायरी उतरायला वळली, आणि उतरली नाही.

"अप्पा, तुमी खात न्हाई, ते तुमचं. म्या तुमाला खा म्हनाया आले न्हाई," ती म्हणाली. "पयली चाळीस पिल्लं ओलीत तडफडून मेली. आता चाळीस चुलीजवळ झाकून आलेय. ती कोरड्यात निजावी एवढंच मागायलेय. ओलीत मारायला मागत न्हाई."

आतल्या दारात वीरण्णाची बायको पार्वतम्मा बेलाची पानं निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मागचं अंगन झाडायला बाई आली न्हाई आज."

वीरण्णानं तिच्याकडं पाहिलं. मग तो गादीवरून बोलला, पण केवळाबाईकडं न बघता, भिंतीकडं बघून.

"ढिगाला हात लावायचा न्हाई. अंगनात सांडलंय ते कचरा हाय. कचरा कुनीबी झाडून नेतंय, त्याचं मला काय?"

"पैसे किती?" केवळाबाईनं कनवटीला हात घातला.

"पैसे न्हाई घेनार. पैसे घेतले म्हंजे मी वाटेकरी झालो."

तिला खराटा मिळाला. लोकांच्या अंगणात, तालुक्याच्या गावी, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या देखत केवळाबाई वाकून झाडायला लागली. गावात तिच्या हाताला मान होता. मानाशिवाय तिनं कुणाची भुई शिवली नव्हती. इथं एकजण म्हणालाही, "नवी बाई ठिवली का अप्पा?" ती वाकलेलीच राहिली. टरफलं एकीकडं, माती एकीकडं. भिजलेलं, काळं पडलेलं तिनं हातानं वेचून टाकलं. तीन पोती भरली आणि अंगण आरशासारखं झालं. चौथं रिकामं राहणार असं वाटत होतं, तेवढ्यात पार्वतम्मा सूप घेऊन ढिगाजवळून गेली आणि तिचा पाय लागून ढिगाची एक बाजू घसरली. एवढी जपून चालणारी बाई, पण पाय लागला. चौथं पोतं तोंडापर्यंत भरलं.

घरी आल्यावर दोघींनी टरफलं ताडपत्रीवर पसरली. श्रावणाचं ऊन ते, घटकेत पडायचं, घटकेत पळायचं. ढग आला की दोघी ताडपत्रीची चार टोकं धरून आत पळायच्या, ऊन पडलं की बाहेर. मग बडवण्यानं बडवून टरफलं बारीक केली, चाळणीनं धूळ काढली. खोकून खोकून घसा सोलवटला. तिसऱ्या दिवशी चार बोटं जाड थर पडला आणि पिल्लं सोडली. ती आधी घाबरून एका कोपऱ्यात जमली. मग एकानं पायानं टरफल उकरलं, दुसऱ्यानं उकरलं, आणि थोड्या वेळात सगळ्या खोलीत खसखस सुरू झाली. दोन आजारी होती ती गेली. अडतीस राहिली.

रोज सकाळी तनुजा दाताळ्यानं थर खालीवर करायची, पाण्याच्या भांड्याखालचं ओलं काढून टाकायची. केवळाबाईला पहाटे जाग यायचीच. हात शिवशिवायचे. चाळीस वर्षांची सवय ती. पाटीतलं शेण घेऊन ती अंगण सारवायची, तुळशीचा कट्टा सारवायची, आणि खुराड्याच्या दारापर्यंत आली की पाटी उचलून माघारी फिरायची.

एक गोष्ट मात्र तिच्यानं होईना. पिल्लांना मिशीएवढी शेपटी फुटली, तुरे लाल व्हायला लागले, तरी खरं काय ते तिनं सुनेला सांगितलं नव्हतं. रोज ठरवायची आज सांगू. रोज तनुजा समोरून हसत जायची आणि हिचं धाडस गळायचं.

पोळ्याचा दिवस उजाडला. दगडोबा बैलांना झूल घालत होता, तनुजा पुरण वाटत होती, आणि कोंडाबाई मारुतीपुढची जागा सारवायला चल म्हणून बोलवायला येऊन ओसरीत टेकली होती. तेवढ्यात सुदर्शनचा फोन आला. सृष्टीनं फोन खुराड्यासमोर धरून बापाला कोंबड्या दाखवल्या.

"झ्याक हायत," सुदर्शन फोनमधून म्हणाला. आवाज अंगणभर ऐकू येत होता. "पर माय, ह्या खेपंला जगल्या नशिबानं. पुढच्या खेपंला काय? तनूनं दिवाळीला हिकडं यावं हे बरं. तिच्या हाताला गुन न्हाई हे तूच म्हनलीस ना?"

वरवंटा थांबला. तनुजानं मान वर केली नाही. पुरणाचा हात तसाच पाट्यावर राहिला.

केवळाबाईनं नातीच्या हातातून फोन घेतला. 

"म्हनले. खोटं म्हनले. नीट ऐक सुदर्शन. पयली चाळीस पिल्लं तुझ्या बायकोनं मारली न्हाईत. म्या मारली. रोज पहाटं त्यायच्या खाली वलं शेन सारवलं, ह्या हातानं. तुझी बायको कोरडं टाकायची आन मी खालून वलं करायचे. हाताला गुन माझ्या नव्हता. तिच्या हाताला हाय, अडतीस दिसायलेत ना तुला? आता बोलावनं बंद कर. तिला वाटलं तर ती येईल, तुझ्या म्हनन्यानं न्हाई."

दगडोबाच्या हातातून झुलीची दोरी सुटली. केवळाबाई ओसरीकडं वळली.

"कोंडे, ऐकलंस ना सगळं? ते लगीच सांगितलं व्हतंस, आता हेबी हातपंपावर सांग. एक शब्द कमी करू नको."

कोंडाबाई पदर सावरत उठली. सणासुदीची एवढी मोठी बातमी घेऊन ती तशीच चालू लागली.

ती गेल्यावर केवळाबाई पाट्यासमोर खाली बसली. सुनेपुढं, भुईवर. "मला त्याच दिशी सांगायला पायजे व्हतं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "तुला टोपली उचलताना बघितलं म्या. तरी बोलले न्हाई."

"मला ठाऊक व्हतं आत्या."

"कवापासून?"

"महामायाबाईनं गोळा फोडला तवाच. तुमी हात पदराखाली घेतले, तवा नखांतलं शेन दिसलं."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

तनुजानं वरवंटा पुन्हा हातात घेतला. "बोलनारच व्हते. पर तुमी खुरपं आनलंत. मंग बोलायचं काय ऱ्हायलं?"

ती पुरण वाटायला लागली. केवळाबाईनं डोळे पुसले, उठली, आणि दारातली शेणाची पाटी उचलून मारुतीपुढची जागा सारवायला निघाली. जाताजाता खुराड्यात वाकून तिनं तळातली मूठभर टरफलं काढली, दाबली आणि हात उघडला. सगळी बोटांतून खाली सांडली. तळव्याला एकही चिकटलं नव्हतं.